मांडवीचा वास

सिगुलाचा फोन अडीचला येतो.
तिच्याकडे तेव्हा बारा.
म्हणजे तिचा भात चुलीवर, माझा पोटात,
आणि मधे अडीच तासांची उष्टी भांडी.

तिला घरापासून शंभर मीटर फिरायची परवानगी.
"शंभर मीटरमधे काय येतं गं दिमोनात?"
"एक बाक. एक मांजर. मोरोक्कोवाल्या म्हातारीची खिडकी.
औषधाचं दुकान एकशेवीसवर आहे,
तेव्हा वीस मीटर मी चोरून चालते."

मला मीटर कुणी दिलेच नाहीत.
मला गॅलरी आहे, सामायिक, अकरा दारांची,
आणि तिच्या टोकाला दमयंतीबेनची खुर्ची.
पलीकडे यायचं नाही, हे खुर्चीच सांगते.

शादाब खालून हाक मारतो, मी दोरीला डबा सोडते.
एकदा दोरी पहिल्या मजल्यावरच्या छत्रीत अडकली
आणि सहा अंडी दुपारभर हवेत लोंबकळली.
सगळी बिल्डिंग बघत होती.
टीव्हीपेक्षा बरं.

चौकटीवरच्या मेझुझाला हात लावून
बोटं ओठांना लावायची, ही जन्माची खोड.
आता आधी साबण, मग मेझुझा, मग पुन्हा साबण.
ओठ राहूनच जातात.
हायम असता तर म्हणाला असता,
लेया, देवालाही फेस आणलास.

आई दारफाळणीच्या सणाला पांढरं नेसायची,
दारं लावून घ्यायची.
एक दिवस कुणाला शिवायचं नाही, कुणाकडे जायचं नाही.
यंदा सगळ्या मांडवीने दारं फाळली.
हमालांना उपासही घडला,
न धरता.

मग एका मंगळवारी
मी खिडकी उघडली, श्वास घेतला,
आणि काही नाही.
एकाहत्तर वर्षांत या खिडकीतून वास आला नाही
असं झालं नव्हतं:
बेडगी, हळकुंडं, गोणपाटात घामेजलेलं जिरं.
बातम्यांत सांगतच होते, वास गेला की समजा.
मी समजले.
कपाटाची किल्ली उशीखाली ठेवली, चिठ्ठी लिहिली:
पांढरं कापड दुसऱ्या खणात,
जागा हायमशेजारी, पावती बिस्किटांच्या डब्यात,
दूधवाल्याचे एकशेचाळीस द्यायचे आहेत.

पेन ठेवायला उठले तर हिंगाची डबी दिसली.
उघडली. नाक आत घातलं.
आई गं!
हिंग होता. जागेवर होता, शिव्या घालत होता.
फिनेल होतं. माझ्याच वेणीतलं खोबरेल होतं.
माझा वास कुठे गेला नव्हता,
गल्लीचा गेला होता.
वखारींना कुलपं, गोण्या आत,
आणि गोण्या उचलणारे गावाच्या वाटेला, पायी.

सिगुलाला सांगितलं तर ती हसली,
खोकला येईपर्यंत हसली.
मग त्या खोकल्याला घाबरून आम्ही दोघी गप्प.
मग तीच म्हणाली,
"मला मांडवीचा वास एकोणसत्तरपासून येत नाही.
बघ म्हणजे, किती जुना कोरोना."

चिठ्ठी मी फाडली नाही.
फक्त एकशेचाळीस खोडले, दिले म्हणून.

जूनमधे कधीतरी वीरजीभाईंचं शटर अर्धं वर गेलं.
एक गोण बाहेर आली, कोपऱ्याला उसवलेली.
मला शिंक आली. एक नाही, सात.
धाड धाड धाड, गॅलरीतली दहा दारं लागली.
दमयंतीबेनची खुर्चीसुद्धा आत गेली.

मी अडीचची वाट बघितली नाही.
फोन लावला आणि खिडकीबाहेर धरला.
"काय ऐकवतेस? काहीच ऐकू येत नाही."
"ऐकू नकोस. हुंग."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.
खुर्ची सरकली.
बराच वेळ.
"बेडगी नाही ही," सिगुला म्हणाली. "संकेश्वरी आहे."

मी वाकून बघितलं.
गोणीवर काहीतरी लिहिलं होतं,
पण चष्मा आत होता.